बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर घड्याळात दिसणाऱ्या कॅलरी खायला मोकळ्या नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीवर लेख आला होता, चांगला होता, स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून टाकतात) म्हणजे काय, बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) म्हणजे काय, कोणाला करतात कोणाला नाही हे सगळं नीट सांगितलं होतं. पण शेवटच्या चौकटीत 'नंतर वजन टिकवण्यासाठी' म्हणून जे दिलंय की मनगटावर फिटनेस बँड बांधा, दिवसभरात किती कॅलरी जळल्या ते बघा आणि तेवढं खा, ते वाचून मला गप्प बसवेना. हा सल्ला दिसायला एकदम सोपा आणि बरोबर वाटतो, आणि म्हणूनच तो आमच्यासारख्यांना महागात पडतो. कसा ते सविस्तर लिहिते, पत्र लांबलं तर कृपया सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. वय ४७, उंची १५८ सेंमी. चार वर्षांपूर्वी स्लीव्ह केलं तेव्हा वजन ११२ होतं, शुगर, बीपी, गुडघे, रात्रीचं घोरणं सगळंच होतं. आता वजन ७४ च्या आसपास स्थिर आहे, शुगरच्या गोळ्या बंद आहेत. ऑपरेशनचा मला जराही पस्तावा नाही, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर करावं. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या भागाबद्दल आहे, वजन उतरायचं थांबल्यावर जे आयुष्यभर चालतं त्याबद्दल.

तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी की शरीर लहान झालं की त्याचा खर्चही लहान होतो. नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू, लिव्हर यांना रोज जी ऊर्जा लागते ती काढायला मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० चं सूत्र आहे, आहारतज्ज्ञ तेच वापरतात. बाईसाठी वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. माझ्या जुन्या वजनाला आणि तेव्हाच्या वयाला हे उत्तर १७३० च्या आसपास येतं आणि आताच्या वजनाला १३३०. म्हणजे काहीही न करता रोजचा ४०० कॅलरींचा खर्च गेला. चालण्याचंही तसंच, ताशी ५ किमीच्या वेगाने तासभर चाललं तर बसून असतानाचा खर्च वजा करून ११२ किलोच्या मला साधारण २८० कॅलरी लागायच्या, आज त्याच रस्त्यावर त्याच वेगाने तेवढंच चालून १८५ लागतात. मेहनत तीच, घाम तोच, खर्च मात्र एक तृतीयांशाने कमी. हे ऑपरेशनच्या आधी कोणी कागदावर मांडून दाखवत नाही, दाखवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आणि सूत्रातून येतं त्यापेक्षाही शरीर अजून थोडी काटकसर करतं. १९९५ साली लायबेल आणि रोझेनबाम या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की वजन दहा टक्के कमी करून तिथे टिकवलं की एकूण खर्च नुसत्या लहान झालेल्या शरीरामुळे जेवढा घटायला हवा त्याहून जास्त घटतो. नंतर २०१६ मध्ये केव्हिन हॉल या संशोधकांनी अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन कमी करायच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, तर त्यांचा आराम करतानाचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरींनी कमी निघाला, आणि बऱ्याच जणांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं. बायपास झालेल्या लोकांशी त्या स्पर्धकांची तुलना झाली तेव्हा ऑपरेशनवाल्यांमध्ये ही जादाची घट एवढी मोठी दिसली नव्हती, हे पण सांगायला हवं, उगाच घाबरवायचं नाहीये. पण तरी प्रत्येकाचं शरीर वेगळं आणि सूत्र हे हजारो लोकांची सरासरी, त्यामुळे सूत्राचा आकडा तुमचाच असेल असं अजिबात नाही.

आता घड्याळाकडे येते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० लोकांवर तपासली होती, चालताना, पळताना, सायकलवर. नाडीचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी चांगले मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. पण कॅलरीच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर नवीन मॉडेलं आली हे खरं, पण मूळ अडचण तीच आहे की घड्याळ कॅलरी मोजतच नाही, ते ठोके आणि हाताची हालचाल मोजतं आणि त्यात तुम्ही भरलेलं वय, उंची, वजन घालून अंदाज बांधतं. कंपनीचा हा अंदाज बांधताना माझ्यासारखी बाई, जिने चाळीस किलो गमावलेत आणि त्यात थोडे स्नायूपण गेलेत, ती बहुतेक कोणाच्या डोळ्यासमोर नसणार. आराम करतानाचा खरा खर्च मोजायची पद्धत वेगळी असते, डोक्यावर पारदर्शक टोपासारखं झाकण ठेवून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. ही सोय असलेलं हॉस्पिटल जवळ असेल तर एकदा जरूर करून घ्यावी.

माझं घड्याळ रोज २१०० ते २२०० दाखवतं. माझी वही १६०० म्हणते. मधले साडेपाचशे मी घड्याळावर विश्वास ठेवून रोज खाल्ले असते तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

घड्याळ वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. एक म्हणजे ॲपच्या प्रोफाइलमध्ये जुनं वजन तसंच असेल तर ते आधी बदला, कित्येकांचं ऑपरेशनच्या दिवशीचं वजनच तिथे बसलेलं असतं आणि त्या वजनाच्या हिशोबाने कॅलरी दाखवल्या जातात. दुसरं, 'टोटल' आणि 'ॲक्टिव्ह' हे दोन वेगळे आकडे असतात, टोटलमध्ये झोपेतला खर्चसुद्धा धरलेला असतो. आणि बरीचशी खाण्याची ॲप चालून आल्यावर 'आज अजून ३०० खाऊ शकता' म्हणून वर वाढवून देतात, पण तुम्ही सुरवातीलाच 'मी रोज व्यायाम करते' असं भरलं असेल तर तो व्यायाम दोनदा धरला जातो. ते वाढीव ३०० तुमचे नाहीत, खाऊ नका.

मग खर्च कळणार कसा, तर उलट बाजूने. आमच्या खात्यात जमा किती आणि शिल्लक किती हे माहीत असलं की खर्च आपोआप निघतो, तसंच हे आहे. चार आठवडे जे काही तोंडात जाईल ते लिहायचं, अगदी चहातली साखर आणि मुलाच्या ताटातला उरलेला घास धरून. रोज सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या प्यायच्या आधी वजन घ्यायचं, पण रोजच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही कारण लोणचं पापड खाल्लं, पाळी जवळ आली, प्रवास झाला की किलो दीड किलो पाणी इकडचं तिकडे होतं. फक्त आठवड्याची सरासरी बघायची. चार आठवड्यांत सरासरी वजन हललं नाही आणि खाणं रोज सरासरी १६०० असेल तर तुमचं शरीर १६०० जाळतंय, विषय संपला. समजा १७०० खाल्लं आणि महिन्यात अर्धा किलो वाढलं तर एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी, त्याचे अर्धे ३८५०, भागिले ३० म्हणजे रोजचे साधारण १३०, तेवढे जास्त गेले, म्हणून खर्च १५७० च्या आसपास. पहिलीच्या पुस्तकातली बेरीज वजाबाकी आहे, ह्याला कुठलंही महागडं उपकरण लागत नाही, वजनकाटा, किचनमधला छोटा काटा आणि एक वही बास.

ह्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो की तुमची मोजणी थोडी चुकत असली तरी चालतं. तुम्ही भाकरी कायम दहा टक्के कमी धरत असाल तर तुमचा खर्चाचा आकडाही तेवढाच कमी येईल, आणि पुढे तुम्ही त्याच मापाने मोजणार आहात त्यामुळे हिशोब जुळतो. अट एवढीच की रोज एकाच मापाने मोजायचं आणि काही गाळायचं नाही.

गाळलं जातं हे मात्र खरं आहे, आणि त्यात कोणी खोटारडं नसतं. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला होता, 'आम्ही १२०० च खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांचा, त्यात शास्त्रीय पद्धतीने खरा खर्च काढला तेव्हा दिसलं की ती माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या शरीराचा खर्च मात्र नॉर्मल होता. त्या लोकांना खरंच वाटत होतं की आपण एवढंच खातो. म्हणून डॉक्टरांनी आणि घरच्यांनी 'तू चोरून खात असशील' असं म्हणणं फार क्रूर आहे, त्यापेक्षा किचनमध्ये उभं राहून दोघांनी मिळून एक दिवस मोजावं.

आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त गळतं ते तेल. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. चार माणसांच्या भाजीला फोडणीत ५५ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे चार मोठे चमचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि मगाशी जो अर्धा किलो महिन्याला वाढल्याचा हिशोब केला तो जवळपास एवढाच होता. म्हणजे वर्षाला सहा किलो, एका भाजीच्या तेलातून. ॲपमध्ये 'भेंडी मसाला' शोधला तर कुठल्यातरी हॉटेलची रेसिपी निघते, थालीपीठ असतं पण भाजणी कोणाची, तेल किती काही कळत नाही, आणि अळूचं फतफतं, डुबुक वडे, शेंगोळे तर विचारूच नका. मी एक पद्धत ठेवलीय की कढईत घालायच्या आधी तेलाची वाटी काट्यावर ठेवायची, डाळ, पीठ, शेंगदाणा कूट कच्चं मोजायचं, तयार झालेल्या भाजीचं एकूण वजन घ्यायचं आणि माझ्या वाटीत किती आली त्या प्रमाणात भाग घ्यायचा. पहिले पंधरा दिवस वैताग येतो, नंतर हाताला सवय होते, आणि घरातल्या बाकीच्यांचं तेल पण आपोआप कमी होतं.

दुसरं, लोकांना वाटतं पोट कापून लहान केलंय, स्लीव्हमध्ये तर पाऊण पोट काढूनच टाकतात, मग ही जास्त खाऊच कशी शकेल. उसळ, पोळी, पनीर, अंडं हे खरंच थोड्यात भरतं. पण जे मऊ आहे, विरघळतं, चहाबरोबर घसरतं, ते ह्या लहान पोटातून सरळ खाली जातं. बिस्किटं, आइस्क्रीम, फरसाण, दिवाळीचा चिवडा, शंकरपाळे. तळलेल्या फराळाच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि दोन तासांत गप्पा मारत मारत शंभर ग्रॅम कधी जातात पत्ता लागत नाही, पोट कुठेही 'बास' म्हणत नाही. उपासाचंही तेच, शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा ३५० कॅलरींचा आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही, वर कूट आणि तूप. श्रद्धा असेल त्यांनी उपास जरूर करावा, पण ताक, दूध, राजगिरा, उकडलेल्या शेंगा यांवर करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आम्हाला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन गाठायचं असतं आणि जागा तर वाटीभरच असते. महाराष्ट्रात सध्या 'दिवसातून दोनदाच जेवा' चं वारं आहे, ते इतरांना लागू पडत असेल, पण ऑपरेशन झालेल्या माणसाला नातेवाईकांनी ते सांगू नये, दोन जेवणात त्याचं प्रोटीन बसतच नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व ही औषधं पण आयुष्यभराची आहेत, केस गळायला लागल्यावर किंवा पायाला मुंग्या यायला लागल्यावर आठवून उपयोग नाही.

याच्या उलट बाजूची काळजीपण मला तेवढीच वाटते. आमच्या ओळखीच्या ग्रुपमध्ये काही मुली घड्याळातलं दिवसभराच्या हालचालीचं वर्तुळ पूर्ण व्हावं म्हणून रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालतात, आणि दुसरीकडे खातात जेमतेम ८०० कॅलरी. हे वजन टिकवणं नाही, ह्यात स्नायू जातात, हाडं जातात, आणि स्नायू गेले की पडल्या पडल्याचा खर्च अजून खाली येतो. आकड्यांनी जीव घाबरा होत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी आणि मानसतज्ज्ञांशी बोला.

घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाहीये, माझ्याही हातात आहे. पावलं आणि ठोके ते चांगले मोजतं, तेवढ्यासाठी वापरा. वजन टिकवायला आठवड्याला २०० ते ३०० मिनिटांचा व्यायाम लागतो असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये सांगितलंय, म्हणजे रोज अर्धा पाऊण तास, त्याची नोंद घड्याळ छान ठेवतं. पावलं गेल्या महिन्यापेक्षा कमी झाली का, हा प्रश्न त्याला विचारावा, आज किती खाऊ हा विचारू नये. आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन तीनदा वजन उचलायचा व्यायाम हवाच, डंबेल नसतील तर पाण्याच्या बाटल्या, रबरी बँड, खुर्चीवरून हात न लावता उठबस. चाळिशीनंतरच्या बायकांना तर हे जास्तच गरजेचं आहे आणि नेमक्या त्याच लाजतात.

आता हॉस्पिटलांबद्दल. ऑपरेशनच्या आधी मला सगळे भेटले, सर्जन, फिजिशियन, आहारतज्ज्ञ, समुपदेशक. पहिलं वर्ष फोन येत होते. नंतर बंद. हातात जो डाएटचा कागद होता त्यात होतं राजमा, दलिया, पनीर टिक्का; आमच्या घरातली मटकीची उसळ, पिठलं, नाचणीची भाकरी कशातच नाही. मी कुठल्या हॉस्पिटलचं नाव घेणार नाही कारण दुसऱ्या शहरात दुसरीकडे ऑपरेशन झालेल्यांचाही अनुभव असाच आहे. पण खरी गरज दुसऱ्या वर्षानंतर लागते. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास चालू होता, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक दोन वर्षांत ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर आलं, म्हणजे थोडं परत चढतंच, आणि त्यानंतरही आधीपेक्षा पाव वजन कमी राहणं हे फार मोठं यश आहे. हे आधीच सांगितलं असतं तर तिसऱ्या वर्षी तीन किलो वाढल्यावर माणूस तोंड लपवून बसला नसता. आता तर वजन उतरवणारी इंजेक्शनं पण आलीत, मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये भारतात आलं, त्यांनी वजन उतरवलेल्यांसमोरही लहान झालेल्या खर्चाचा हाच प्रश्न उभा राहणार आहे.

इन्शुरन्सचंही तेच. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांमुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत गंभीर आजार असतील, आणि बाकीचे उपाय करून झाले असतील तर ऑपरेशनला पॉलिसीतून नकार देता येत नाही, हे चांगलंच झालं. पण बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसच मिळतो. त्यानंतरची आहारतज्ज्ञाची फी, बी१२ आणि डी च्या तपासण्या, गोळ्या, सगळं खिशातून. लाखो रुपयांचं ऑपरेशन टिकवायला वर्षाला जे काही हजार लागतात तेच कोणी देत नाही, आणि मग ज्यांना परवडत नाही ते शंभर टक्के घड्याळाच्याच भरवशावर राहतात.

म्हणून आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ती चौकट दुरुस्त करून परत छापावी, निदान 'तेवढं खा' हे वाक्य तरी. आपल्या पुरवणीत एखाद्या आहारतज्ज्ञाकडून आपल्या घरातल्या पदार्थांचा तक्ता करून घ्यावा, पिठलं, झुणका, थालीपीठ, मटकी उसळ, कढी, ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, शंभर ग्रॅमला किती कॅलरी आणि किती प्रोटीन, आणि त्यात तेल किती धरलंय हे स्पष्ट लिहून, कापून फ्रिजवर लावता येईल असा. आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांना जाहीर विचारावं की तुमचे तीन आणि पाच वर्षांपूर्वीचे पेशंट आज कुठे आहेत, त्यांचं वजन शेवटचं कधी घेतलं, त्यांच्याशी महिन्यातून एकदा अर्धा तास बोलायला तुम्ही एक माणूस नेमणार का. उत्तरं आली तर ती छापा, आम्ही बरेच जण वाट बघतोय.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक

(नाव आणि फोन नंबर आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिलाय, कृपया छापू नये. ऑफिसमध्ये अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही.)